जुन्या वहीतील स्वरलेखन छपाईसाठी कसे तयार करावे

मराठवाड्यात ज्या गावी एखाद्या गुरुजींनी दीर्घकाळ गाणे शिकवले, तिथे बंदिशी, पदे आणि भजनाच्या चाली उतरवून घेतलेल्या वह्या अजूनही घराघरांत जपलेल्या आढळतात. अशी वही छापायची ठरली, की टंकनाला बसण्यापूर्वी ती कोणत्या स्वरलिपीत, म्हणजे स्वर खुणांनी लिहिण्याच्या कोणत्या पद्धतीत, लिहिली आहे हे ठरवून घ्यावे. संगीततज्ज्ञ विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांच्या पद्धती एकाच काळात रुजल्या आणि त्यांतील काही खुणा दिसायला सारख्या असूनही अर्थाने उलट आहेत, त्यामुळे येथे झालेली चूक पुढे पानोपानी पसरते.

भातखंडे पद्धतीत अक्षरावरचा बिंदू तार म्हणजे वरचे सप्तक दाखवतो आणि अक्षराखालचा बिंदू मंद्र म्हणजे खालचे सप्तक. पलुस्कर पद्धतीत अक्षरावरचा बिंदू मंद्राचा असतो आणि तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ येते. हीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत ‘म’वर आली, की तो तीव्र म्हणजे चढा मध्यम होतो. समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी (ठोक्यासाठी), भातखंडे × आणि खालीसाठी, म्हणजे टाळीविना जाणाऱ्या विभागासाठी, 0 लिहितात, तर पलुस्करांकडे सम 1 असून खालीची खूण + आहे. घाईत लिहिलेल्या हस्तलिखितात × आणि + यांतला फरक डोळ्यांना कळेलच असे नाही. म्हणून एका खुणेवर निर्णय सोपवू नये, चालीचा ओघ पाहावा. यमन रागाच्या बंदिशीत आरंभीच ‘निं रे ग’ असे दिसले आणि ‘निं’ तार सप्तकातला मानला, तर गळ्याला तार निषादावरून एकदम मध्य ऋषभावर उडी घ्यावी लागते. यमनाचा नेहमीचा उठाव मंद्र निषादावरून होतो हे ठाऊक असलेल्याला वही पलुस्कर पद्धतीची आहे असा संशय येथेच यावा, आणि मग कोमल म्हणजे उतरत्या स्वरांना आडवी अधोरेघ आहे की हलन्तासारखी खूण, हे पाहून तो पक्का करावा.

मंद्रासाठी शिरोबिंदू आणि तारासाठी ऊर्ध्वरेखा हा संकेत मात्र फार जुना, आणि मराठवाड्याच्याच मातीतला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवराजा सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त तो नोंदवून ठेवला आहे. तेव्हा पलुस्करी वहीतल्या खुणांना ‘उलट्या’ म्हणण्याचे कारण नाही.

लिपी निश्चित झाली, की संपूर्ण पुस्तकासाठी एकच पद्धत स्वीकारावी आणि रूपांतर केल्याचे प्रस्तावनेत सांगावे. मूळ पानांची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत, कारण शाई पुसट झालेल्या जागी पुढे वाद होणारच. एकाच चालीच्या दोन वह्या मिळाल्या तर दोन्हींतले सोयीचे तेवढे घेऊन तिसराच पाठ तयार करू नये. एक वही आधारभूत मानावी आणि दुसरीतील भेद तळटीपेत द्यावेत. पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा त्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असे बजावले होते. स्वरलेखनाच्या संपादकाने याहून वेगळा नियम शोधण्याची गरज नाही.

तरीही राहून गेलेली मात्रा किंवा विसरलेली कोमल खूण भरावीच लागते. ही भर चौकटी कंसात द्यावी. गोल कंस मुळीच वापरू नये, कारण भातखंडे पद्धतीत (प) म्हणजे ‘ध प म प’ असा एका झटक्यात घ्यायचा स्वरसमूह असतो आणि संपादकाचा कंस गाणाऱ्याला गळ्याची हरकत वाटेल. युरोपीय संगीताच्या चिकित्सक आवृत्त्यांतही संपादकाची भर कंसाने, लहान ठशाने किंवा तुटक रेघेच्या कमानीने वेगळी ठेवली जाते. तिकडे दीर्घकाळ शिशा-कथिलाच्या मऊ पत्र्यावर उलट्या ठशांनी एकेक स्वर ठोकून छपाई होत असे आणि चूक दुरुस्त करायची तर पत्रा मागून ठोकून सपाट करावा लागे. आपल्याला एवढे कष्ट नाहीत, पण संगणकावर मुकाट्याने केलेली दुरुस्ती कुणाच्या लक्षातही येत नाही, हा त्याहून मोठा धोका आहे.

टंकन युनिकोडमध्येच करावे. कोमल स्वराची आडवी रेघ अधोरेखनाच्या बटणाने देऊ नये, कारण मजकूर दुसरीकडे चिकटवला की ती गळून पडते. वैदिक स्वरांसाठी असलेली अनुदात्ताची खूण (ग॒) कोमलासाठी आणि उदात्ताची खूण (म॑) तीव्र मध्यमासाठी वापरावी. तार सप्तकाला अनुस्वार (सां) आणि मंद्राला नुक्ता म्हणजे अक्षराखालचा बिंदू (प़) चालतो, मात्र मंद्र कोमल निषादात (ऩि॒) बिंदू आणि रेघ एकमेकांवर चढतात, म्हणून फॉन्ट निवडतानाच हे अक्षर छापून पाहावे. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो ‘रें’ आणि ‘गं’ वरचे अनुस्वार शुद्धलेखनाच्या चुका समजून सफाईने काढून टाकतो.

मांडणीसाठी रिकाम्या जागा टाकून स्वर जुळवू नयेत. कोष्टक करावे, एका मात्रेला एक रकाना द्यावा, वर स्वर, खाली शब्द आणि त्याखाली तालचिन्हे ठेवावीत. स्वर लांबला तर आडवी रेघ आणि अक्षर लांबले तर अवग्रह (ऽ) लिहावा. तीनतालातील बंदीश नवव्या मात्रेपासून उठत असेल तर ओळही खालीपासून, म्हणजे 0, 3, ×, 2 या क्रमाने (2 आणि 3 म्हणजे दुसरी व तिसरी टाळी) मांडलेली वाचायला सोपी जाते. रूपक तालात सम आणि खाली एकाच मात्रेवर येतात, तिथे चिन्ह कोणते वापरले ते आरंभीच्या खूणसूचीत स्पष्ट करावे. एका मात्रेत चार स्वर आले तर रकाना रुंद करण्यापेक्षा अक्षर लहान करावे आणि समूहाखाली कमान द्यावी, म्हणजे विभागाच्या उभ्या रेघा एकाखाली एक राहतात. स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे पहिला व दुसरा भाग, समोरासमोरच्या पानांवर बसवावेत. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असतो, त्यामुळे मध्येच पान उलटायला लावणारे पुस्तक त्याच्या उपयोगाचे राहत नाही.

मुद्रिते तीनदा वाचावीत: एकदा केवळ शब्द, एकदा केवळ स्वर आणि एकदा केवळ खुणा. प्रत्येक विभागातील मात्रा बोटांवर मोजाव्यात, झपतालात 2-3-2-3 हा हिशेब चुकलेला विभाग वाचून कळत नाही, मोजल्यावरच सापडतो. शेवटची तपासणी ही चाल पूर्वी न ऐकलेल्या, पण स्वरलिपी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याकडून करून घ्यावी. त्याने पान पाहून गावे, ज्यांच्या घरची वही आहे त्यांनी ऐकावे आणि दोघे जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करून ती जागा मूळ छायाचित्राशी पुन्हा ताडून पाहावी.