लहान उद्योजकाने पेटंटचा खर्च आवाक्यात कसा ठेवावा

पेटंटला लाखो रुपये लागतात असं कुणी सांगितलं, तर त्यातली सरकारी फी किती आणि अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटची किती, ते आधी विचारा. एकटा संशोधक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीला ४,००० रुपये लागतात. मोठ्या कंपनीला हेच ८,००० आणि २०,००० पडतात. बाकी सगळं लिहिणावळ.

व्यक्तीच्या नावावर अर्ज असेल तर सवलतीसाठी वेगळं काही लागत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काढा आणि फी लागणाऱ्या प्रत्येक कागदासोबत फॉर्म २८, म्हणजे सवलत मागायचा अर्ज, लावा. मोठी कंपनी सहअर्जदार झाली की सवलत संपली.

इनपास (भारतीय पेटंट कार्यालयाची शोध साइट), गूगल पेटंट्स आणि एस्पेसनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाची) यांवर जुनी पेटंटं फुकट शोधता येतात. तुमचीच कल्पना तिथे सापडली, तर पैसे वाचले असं समजा.

खरी मेख दाव्यांत, म्हणजे क्लेम्समध्ये: नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारी अर्जातली वाक्यं. उसाचे डोळे काढायचं पायाने चालणारं यंत्र केलंत असं धरा. ‘६ मिमी जाडीचं स्टेनलेस स्टीलचं पातं असलेलं यंत्र’ असा पहिला दावा लिहिलात, तर शेजारचा फॅब्रिकेटर ५ मिमीचं साधं पातं लावून मोकळा. उलट ‘उसाचा डोळा काढणारं यंत्र’ एवढंच लिहिलंत, तर परीक्षक असली जुनी यंत्रं पुढे ठेवून दावा उडवतो. पहिल्या दाव्यात नवी जोडणी सांगा: पायटा दाबल्यावर पातं कशामुळे खाली येतं, स्प्रिंग ते कुठून मागे खेचते. पात्याची जाडी, स्प्रिंगचा प्रकार, उसाची खोबण हे दुसऱ्या दाव्यापासून पुढे एकेक करून.

दावे दहापर्यंत आणि आकृत्यांसह पानं तीसपर्यंत असली की जादा फी नाही. त्यापुढे सवलतीतही दर दाव्याला ३२० आणि दर पानाला १६० रुपये. ३८ पानं आणि १४ दावे झाले, तर अर्जाचे १,६०० वाढून ४,१६० होतात. म्हणून पाल्हाळ कापा, पण तपशील कापू नका. अर्ज दाखल झाल्यावर दावा आकसता येतो, मुळात न लिहिलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही.

‘आधी दोन पानांची प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) टाका, तारीख मिळते’ हा सल्ला अर्धाच खरा. तारीख मिळते ती त्या दोन पानांत लिहिलेल्या गोष्टीलाच. स्प्रिंगचा उल्लेख राहिला आणि मधल्या काळात यंत्र कृषी प्रदर्शनात चालवून दाखवलंत, तर स्प्रिंगवरचा दावा तुमच्याच प्रात्यक्षिकामुळे जुना ठरू शकतो. प्रोव्हिजनलमध्ये हाताने काढलेली आकृती चालेल, पण सगळे भाग आणि सुचणारे सगळे पर्याय त्यात हवेतच. पूर्ण स्पेसिफिकेशन (दाव्यांसह सविस्तर वर्णन) १२ महिन्यांत गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

एजंटकडून कोटेशन घेताना लेखन, परीक्षकाच्या तपासणी अहवालाचं उत्तर आणि सुनावणी असे तीन आकडे वेगळे मागा. एकच गोल आकडा देणाऱ्याकडे जाऊ नका. डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग विभाग) मान्यता असलेल्या स्टार्टअपला सरकारी योजनेतला फॅसिलिटेटर, म्हणजे अर्जाला मदत करणारा एजंट, मिळतो आणि त्याची फी सरकार देतं. अर्जाची फी मात्र तुमची.

१५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना तपासणीची विनंती ३१ महिन्यांत द्यावी लागते. घाई असेल तर लघुउद्योगाला ८,००० रुपयांत जलद तपासणी मिळते. अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्या.

पेटंट चालू ठेवायची नूतनीकरण फी तिसऱ्या वर्षापासून, सवलतीत: सहाव्यापर्यंत दरसाल ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,००० रुपये. एकूण ७६,८००. पेटंट उशिरा मिळालं, तर साचलेली थकबाकी तीन महिन्यांत भरावी लागते, तेवढे पैसे बाजूला ठेवा. अकराव्या वर्षी दर दुप्पट होतो. तेव्हा विक्रीची वही उघडा, आणि यंत्र खपत नसेल तर पेटंट खुशाल सोडून द्या.