दोष मॉड्यूलचा की पट्ट्यांचा?
सिलिकॉन कार्बाइडचं मॉड्यूल, म्हणजे मोठा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद होताना व्होल्टेज उसळलं की आधी मॉड्यूलवरच खापर फुटतं. हिशेब करून बघा: वाटेतलं इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) गुणिले करंट बदलण्याचा वेग, म्हणजे उसळी. ४० नॅनोहेन्री आणि मायक्रोसेकंदाला ५००० अँपिअर, म्हणजे २०० व्होल्ट. ८०० व्होल्टच्या बसवर, म्हणजे पुरवठ्याच्या पट्ट्यांवर, मॉड्यूलला थेट १००० सोसावे लागतात! म्हणून प्लस-मायनसच्या तांब्याच्या पट्ट्या शेजारी-शेजारी नकोत, एकीवर एक ठेवा, मध्ये फक्त इन्सुलेशनचा पातळ थर, म्हणजे इंडक्टन्स घटतं. फिल्म कपॅसिटर टर्मिनलला अगदी चिकटून. गेट रेझिस्टर (स्विचिंगचा वेग ठरवणारा) वाढवूनही उसळी दबते, पण स्विचिंग लॉस, म्हणजे चालू-बंद होताना वाया जाणारी ऊर्जा, वाढतो. मग एवढं महागडं मॉड्यूल घेतलं कशाला? आणि मोजताना ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर टाळा, निम्मी भुतं, म्हणजे खोट्या उसळ्या, तिचीच असतात.