पत्ता बदलला आणि मतदार नोंदणी नामंजूर होतेय? फॉर्म ८ भरा

कोथरूडहून हडपसरला राहायला आलो. सोसायटीतल्या शिबिरात सांगितलं म्हणून फॉर्म ६ भरला, तो नामंजूर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. लोकसभा तोंडावर आणि यादीत नाव नाही, जीव टांगणीला लागला होता.

फॉर्म ६ पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. जुन्या यादीत नाव असेल तर फॉर्म ८ लागतो.

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर मोबाइल आणि ओटीपीने लॉगिन केलं. फॉर्म ८ उघडून ‘स्वतः’ निवडलं, मतदार ओळखपत्रावरचा एपिक क्रमांक टाकला, आलेलं नाव तपासलं. मग ‘निवासस्थान बदल’ आणि त्याखाली ‘विधानसभा मतदारसंघाबाहेर’. इथे नीट बघा! शहर पुणेच असलं तरी मतदारसंघ बदलतो. कोथरूड पुणे लोकसभेत, हडपसर शिरूरमध्ये, खडकवासला तर बारामतीत. शेवटी नोंदणीकृत भाडेकरार जोडला आणि संदर्भ क्रमांक लिहून घेतला. अर्जाची स्थिती त्यावरूनच कळते. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पडताळणी करून गेले, नाव आलं.

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत बदल होत नाही, म्हणून आधीच उरका. अडलात तर १९५० वर फोन करा.