जे नोंदलेलं नाही त्यावरून वर्गीकरण: आऊल ऑन्टॉलॉजीत या चुका टाळा

आऊल ही वस्तूंचे वर्ग आणि त्यांच्यातली नाती नेमकी लिहिण्याची भाषा; अशा वर्णनाला ऑन्टॉलॉजी म्हणतात. समजा तिच्यात साबुदाण्याच्या खिचडीचे घटक नोंदवले: साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, जिरं, तूप. मग 'कांदालसूणमुक्त' या वर्गाची व्याख्या लिहिली: पदार्थ अँड नॉट (घटक सम कांदालसूण), म्हणजे ज्यात कांदालसूण हा एकही घटक नाही असा पदार्थ. प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये रीझनर (विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) चालवला, पण खिचडी त्या वर्गात आली नाही. एररही दिसली नाही. इथे बरेच जण रीझनर बदलून बघतात आणि संध्याकाळ वाया घालवतात. रीझनरचं काहीच चुकलेलं नसतं.

पहिली चूक: नोंद नाही म्हणजे गोष्टच नाही, असं धरणं

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेची सवय असली की हे आपोआप घडतं. टेबलात ओळ नाही, म्हणजे उत्तर 'नाही'. आऊल खुल्या जगाचं गृहीतक पाळते: जे सांगितलेलं नाही ते खोटं ठरत नाही, फक्त अज्ञात राहतं. ही भाषा वेबसाठी घडवली गेली (वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस २००४ ची, दुसरी आवृत्ती २००९ ची). वेबवर त्याच खिचडीबद्दल आणखी एक विधान दुसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये असू शकतं. म्हणून 'यात लसूण नसेलच' असं रीझनर स्वतःहून म्हणत नाही. नवी माहिती आली तरी आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागू नये, ही या तर्कशास्त्राची अट आहे.

तेव्हा यादी इथे संपली, हे आपणच सांगावं लागतं. खिचडी या इंडिव्हिज्युअलला (म्हणजे वर्गातल्या एका वस्तूला) आणखी एक टाइप द्या: घटक ओन्ली {साबुदाणा१, शेंगदाणा१, बटाटा१, मिरची१, जिरं१, तूप१}, म्हणजे यांखेरीज दुसरा घटक नाही (साबुदाणा१ ही साबुदाणा वर्गातली एक वस्तू). पिझ्झाच्या प्रसिद्ध ऑन्टॉलॉजीत हेच काम वर्गाच्या पातळीवर होतं. तिथे मार्गारिटाला क्लोजर ॲक्सिअम (यादी बंद करणारं विधान) दिल्याशिवाय ती शाकाहारी ठरत नाही.

यादी बंद केली, तरी जमत नाही?

मग वर्गांमधलं वेगळेपण सांगायचं राहिलंय. तूप हे लसूणही असू शकतं, अशी शक्यता रीझनरसाठी खुली असते! साबुदाणा, तूप वगैरे वर्ग कांदालसूणपासून डिसजॉइंट आहेत, म्हणजे त्यांच्यात एकही वस्तू सामाईक नाही, हे लिहा. व्याख्येत वर्गाऐवजी थेट 'लसूण१' असेल, तर बाकीचे इंडिव्हिज्युअल त्याच्यापेक्षा वेगळे आहेत हेही कळवा, कारण दोन नावं म्हणजे दोन वस्तू असं आऊल मानत नाही.

आता सगळ्यात घातक प्रकार. समजा घटकांत 'तयार मसाला' आहे आणि त्यात लसूण आहे. मसाला वर्ग कांदालसूणपासून डिसजॉइंट केला आणि यादी बंद केली, की रीझनर खात्रीने सांगेल: कांदालसूणमुक्त. तर्क बिनचूक, उत्तर चूक. पथ्य किंवा ॲलर्जी सांभाळणाऱ्या माणसासाठी ही चूक साधी नाही. उपाय म्हणून 'घटक' हा गुणधर्म ट्रान्झिटिव्ह (घटकाचा घटक तोही घटक) केलात, तर मसाल्यातला लसूणही खिचडीचा घटक ठरतो, तो बंद यादीत बसत नाही, आणि ऑन्टॉलॉजी विसंगत होते. तेव्हा यादीत आतले घटकही घ्या. आणि ट्रान्झिटिव्ह गुणधर्मावर 'मॅक्स ०' (जास्तीत जास्त शून्य) सारखी संख्येची अट आऊल डीएलमध्ये, म्हणजे आऊलच्या रीझनरला पेलणाऱ्या रूपात, चालत नाही. तिथे 'नॉट (घटक सम …)' हेच रूप वापरा. आतलं काय आहे याची खात्री नसेल तर यादी बंद करू नका. वर्गीकरण न झालेलं परवडतं.

'ओन्ली' एकटं वापरू नका

'घटक ओन्ली उपवासघटक' ही अट घटकच नसलेली वस्तूही पूर्ण करते. म्हणून सोबत 'घटक सम उपवासघटक' हवंच.

रीझनरची निवडही बघा. आऊलच्या ईएल प्रोफाइलमध्ये (मर्यादित रूपात) 'नॉट' आणि 'ओन्ली' नाहीत, त्यामुळे त्यावर चालणारा ईएलके हा रीझनर या कामाला योग्य नाही. हर्मिट किंवा पेलेट घ्या.

प्रत्येक वेळी आऊलच कशाला?

'कोणाच्या नोंदीत अमुक नाही' एवढंच विचारायचं असेल तर स्पार्कल या क्वेरी भाषेतलं 'फिल्टर नॉट एक्झिस्ट्स' पुरतं. तिथलंच 'मायनस' वापरताना दोन्ही बाजूंना सामाईक चल (व्हेरिएबल) ठेवा, नाहीतर काहीच वगळलं जात नाही. नोंद असलीच पाहिजे अशी सक्ती हवी असेल तर डेटा तपासण्याचे नियम लिहिण्याची शॅकल ही भाषा आहे, २०१७ पासूनची डब्ल्यूथ्रीसीची शिफारस. पण क्वेरीचं उत्तर हे त्या क्षणीच्या डेटाबद्दल असतं. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर मृत्युदिनांक (पी५७०) नसलेली माणसं काढून त्यांना 'हयात' म्हटलं, तर कित्येक शतकांपूर्वीची माणसंही त्यात येतील. विकिडेटाने यासाठी 'नो व्हॅल्यू' आणि 'अननोन व्हॅल्यू' वेगळे ठेवलेत. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथने लग्न केलं नाही, हे माहीत असलेलं 'नाही' आहे. एखाद्या कवीच्या पानावर जोडीदाराची नोंद नसणं म्हणजे नुसता रिकामा रकाना. आपल्या मॉडेलमध्येही ही दोन खाती ठेवा. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

क्लोजर नीट बसलंय का, हे तपासायला खिचडीत तात्पुरता 'लसूण१' टाका आणि रीझनर पुन्हा चालवा. ऑन्टॉलॉजी विसंगत झाली, तर यादी खरंच बंद आहे. स्पष्टीकरण मागितलंत की कोणत्या विधानांमुळे ते झालं हेही दिसतं. रीझनरने लसूण मुकाट्याने स्वीकारला, तर 'ओन्ली' किंवा डिसजॉइंट यांपैकी काहीतरी लिहायचं राहिलंय.