उपनगर निवडताना गेटबाहेरची पहिली दहा मिनिटं बघा

घर बघायला गेलो की आपण नळ सोडून बघतो, कपाटं उघडून बघतो, बाल्कनीत उभं राहून वारा येतो का ते बघतो, आणि मग खाली उतरून गाडीत बसून निघून जातो. गडबड इथेच होते. फरशी बदलता येते, किचन तोडून नवीन करता येतं, पण गेटबाहेरचा रस्ता, स्टेशनचं अंतर, मागचा हायवे ह्यातलं काहीच आपल्या हातात नसतं. त्यामुळे एरिया राहण्यासारखा आहे का हे घरात उभं राहून कळत नाही, बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की कळतं.

तर आधी चाला. दहा मिनिटांत साधारण ८०० मीटर होतात. तेवढ्यात किराणा, औषधं, बस किंवा ट्रेन, शाळा आणि एखादी बाग ह्यातलं काय काय येतं ते बघा. मॅपवर गोल काढून मोजू नका, कारण मॅपवर ३०० मीटरवर दिसणारं स्टेशन मध्ये रेल्वेलाईन किंवा लांबलचक कंपाउंडची भिंत आली की सहज दीड किलोमीटर लांब पडतं, आणि हे फक्त पायांना कळतं. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन प्लॅनरने १९२९ मध्ये आदर्श वस्ती कशी असावी हे मांडलं तेव्हा त्याचा हिशोब असाच होता, शाळा वस्तीच्या मधोमध, घरापासून पाव मैलाच्या म्हणजे ४०० मीटरच्या आसपास, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे पोरांना मोठा रस्ता क्रॉस करायलाच लागू नये. इतकी वर्षं झाली तरी मला ही टेस्ट अजून चालते असं वाटतं. आठ-नऊ वर्षांचं पोर इथून एकटं शाळेत जाऊ शकेल का, एवढं स्वतःला विचारायचं, घरात पोरं नसली तरी. कारण जिथे पोर सेफ चालतं तिथे म्हातारी माणसंही चालतात.

रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा तर माणसांच्या ओळखीपाळखीशी थेट संबंध आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या शहररचनेच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत तीन रस्ते तुलनेला घेतले, सगळ्यात शांत रस्त्यावर दिवसाला साधारण २,००० गाड्या आणि सगळ्यात गजबजलेल्यावर १६,००० च्या आसपास. शांत रस्त्यावरच्या माणसांना आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, गजबजलेल्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९. म्हणजे शेजारी चांगले मिळणं हा नुसता नशिबाचा भाग नाही, दारातून किती गाड्या जातात ह्यावर पण आहे. त्यामुळे 'मेन रोड टच' हे जाहिरातीत कौतुकाने लिहिलेलं दिसलं की मी तरी एक पाऊल मागे घेतो.

प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत मोजा. एजंट सांगतो 'ट्रेनने फक्त पस्तीस मिनिटं', त्यात स्टेशनपर्यंतचं चालणं नसतं, वाट बघणं नसतं, उतरल्यावरचं चालणं नसतं. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं, दर अर्ध्या तासाने असेल तर पंधरा, आणि एक चुकली की सगळा दिवस पुढे सरकतो. म्हणून अंतरापेक्षा गाड्या किती वेळाने आहेत हे आधी बघा, आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते पण. जगभरातल्या प्रवासाचे आकडे बघून सीझर मार्चेट्टी ह्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणूस दिवसाला जाऊन-येऊन साधारण एक तास प्रवासात घालवतो, शहर कितीही पसरलं तरी. रोजचे तीन तास जाणार असतील तर मोठी बाल्कनी फक्त रविवारी वापरायला मिळणार, हे धरून चाला.

आता वेळ. रविवारी सकाळी अकराला प्रत्येक एरिया छानच दिसतो. तुम्ही वर्किंग डेला सकाळी ऑफिसच्या वेळेला जा, एकदा रात्री दहानंतर जा आणि एकदा जोरदार पाऊस पडून गेल्यावर लगेच जा, ही तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे टाळतात. भिंतींवर पाण्याची रेघ दिसते का, रस्त्याचा उतार कुणाच्या गेटकडे येतो, आसपासच्या घरांनी दारात उंबरे मुद्दाम उंच करून घेतलेत का ते बघा. तळमजल्यावरच्या माणसाला विचारा, तो खरं सांगतो, त्याला काही विकायचं नसतं. मी स्वतः एक घर कडक उन्हात बघून घेतलं होतं आणि पहिल्याच पावसात चपला हातात घेऊन घरी गेलो, तेव्हापासून हे डोक्यात पक्कं बसलंय.

रात्रीच्या फेरीत खिडकी उघडून पाच मिनिटं गप्प बसा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या गाइडलाइन्समध्ये रात्री ट्रॅफिकचा आवाज बाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. फोनवरचं ॲप अंदाजच देतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं.

झाडांसाठी एक सोपा नियम आहे, ३-३०-३००, शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनैनेंडैक ह्यांनी २०२१ मध्ये मांडलेला. घरातून किमान तीन झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या सावलीखाली असावा आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. पूर्ण मार्क क्वचितच कुठे मिळतील, पण नवीन लावलेली काठीएवढी रोपं झाडं म्हणून मोजू नका, त्यांची सावली मिळायला पंधरा-वीस वर्षं जातात.

ह्यालाच जोडून, 'येणार आहे' ह्या शब्दांची किंमत शून्य धरा. मेट्रो येणार आहे, शाळा येणार आहे, बाग होणार आहे. आज जे उभं आहे आणि चालू आहे तेवढंच मोजा, बाकीचं आलं तर बोनस. उलट वाईट गोष्टी मात्र येणारच असं धरा, शेजारचा मोकळा प्लॉट कायम मोकळा राहणार नाही, तिथे काय होऊ शकतं हे स्थानिक ऑफिसात डेव्हलपमेंट प्लॅन बघून कळतं.

आणि एरिया चांगला असला तरी तो तुमच्यासाठी चांगला आहे का ते वेगळं. नावाजलेल्या शाळेजवळच्या घरांचे भाव शाळेमुळे चढलेले असतात, तुम्हाला पोरं नसतील तर दुसऱ्याच्या कारणाचे पैसे तुम्ही भरताय. बऱ्याचदा त्याच लाईनवर पुढचं एखादं स्टेशन, जिथे नाव नाही पण चालायला रस्ता आहे आणि गाड्या तेवढ्याच आहेत, ते जास्त बरं पडतं.

जमलं तर घेण्याआधी तिथेच सहा महिने भाड्याने राहा, आणि त्या सहा महिन्यांत पावसाळा येईल असं बघा.