रूथ आणि बवाज यांच्या कथेवर प्रेमकादंबरी कशी लिहावी

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या काळातील प्रेमकादंबरी प्रथमच लिहायला घेणाऱ्याने रूथचे पुस्तक निवडावे, असे माझे ठाम मत आहे. अवघ्या 4 अध्यायांत आणि 85 वचनांत तेथे दुष्काळ, स्थलांतर, वैधव्य, सासू-सुनेची माया आणि एक परकी स्त्री व एक प्रतिष्ठित शेतकरी यांचे हळूहळू जुळत गेलेले मन आहे. मात्र शेवट सर्वांना ठाऊक असल्यामुळे वाचकाची उत्कंठा घटनांवर टिकत नाही. ती त्या दोघांनी एकमेकांना कसे पारखले यावर टिकवावी लागते.

प्रथम हंगामाचा आराखडा करावा. सासू नामी व तिची मवाबी सून रूथ मवाब देशातून बेथलेहेमात पोहोचतात तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते आणि गव्हाची कापणी संपेपर्यंत रूथ सरवा वेचत राहते. म्हणजे साधारण एप्रिल ते जूनमधील काही आठवड्यांतच हे प्रेम फुलते. प्रकरणे या कामांच्या क्रमाने लावावीत: कापणी, पेंढ्या बांधणे, खळ्यावरची मळणी, संध्याकाळच्या वाऱ्यावरची उपणणी.

त्यानंतर नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम सांगणारी बायबलमधील पुस्तके, वाचावे, कारण या कथेत कायदाच माणसांना एकमेकांजवळ आणतो आणि तोच त्यांना थांबवतो. शेताच्या कडेचे पीक व गळलेली कणसे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावीत, ही ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातील आज्ञा रूथला बवाजाच्या शेतात आणते. तर मवाबी मनुष्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, हे ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायातील वचन मवाबी रूथविषयीच्या गावाच्या कुजबुजीला धार देते. वेगळा खलनायक निर्माण करण्याची गरज नाही.

प्रेम कृतीतून दाखवावे, आणि येथे मूळ कथेइतका चांगला गुरू नाही. दुसऱ्या अध्यायातील जेवणाचा प्रसंग सावकाश वाचावा: बवाज रूथला भाकरी आंबेत (सिरक्यात) बुडवून खायला सांगतो, हुरडा स्वतः तिच्या हाती देतो, आणि ती पोटभर खाऊन उरलेला सासूसाठी राखून ठेवते. पुढे तो गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकायला सांगतो, तेही तिला न कळवता. त्या संध्याकाळी झोडपलेले सातू सुमारे एक एफा, म्हणजे अंदाजे 22 लिटर भरतात, आणि ते पाहून नामी लगेच विचारते की आज कोठे वेचलेस. प्रेमाची पहिली चाहूल सासूला धान्याच्या मापावरून लागते. असा प्रसंग हाती असताना नायकाच्या डोळ्यांची वर्णने कशाला हवीत?

बवाजाला कोवळा तरुण करू नये. तो तिला ‘मुली’ म्हणतो आणि ती तरुणांच्या मागे गेली नाही म्हणून तिची वाखाणणी करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत त्याची आई राहाब म्हटली आहे, आणि राहाब ही यरीहोची, म्हणजे परकी स्त्री होती. परक्या स्त्रीकडे तो आदराने का पाहतो, याचे बीज कादंबरीकाराने तेथे शोधावे.

तपशिलांत सावध राहावे. हा शास्त्यांचा, म्हणजे राजांपूर्वी इस्राएलचे पुढारीपण करणाऱ्या न्यायाधीशांचा काळ आहे. राजा नाही, यरुशलेमेत मंदिर नाही आणि नाणीही नाहीत, रुपे तोलून दिले जाते. दोघांच्या भाषेची अडचण मात्र फारशी नाही, कारण 1868 मध्ये सापडलेल्या मवाबी राजा मेशा याच्या शिलालेखावरून मवाबी भाषा इब्रीच्या अगदी जवळची होती असे दिसते.

नामीच्या सांगण्यावरून रूथ खळ्यावर झोपलेल्या बवाजाकडे जाते, ती रात्र ही खरी कसोटी आहे. ती शृंगाराने भडक करू नये, तशी संकोचाने गुंडाळूही नये. परमेश्वराच्या पंखांखाली तू आश्रयास आलीस, असा आशीर्वाद बवाजाने तिला शेतात दिला होता. आता ती त्यालाच त्याचे पांघरूण आपल्यावर घालायला, म्हणजे आपल्याशी विवाह करायला सांगते. स्वतःच्या प्रार्थनेचे उत्तर आपणच व्हावे लागणार, ही जाणीव त्याच्या मनात उमटू द्यावी. याच क्षणी, या कुटुंबाची जमीन सोडवण्याचा व रूथशी विवाह करण्याचा पहिला हक्क असलेला अधिक जवळचा एक नातलग आहे, हे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि सकाळपर्यंतचा ताण येथूनच उभा राहतो.

श्रद्धेसाठी नवे चमत्कार रचू नयेत. देवाने थेट काही केल्याचे या पुस्तकात दोनदाच येते: त्याने लोकांना अन्न दिले, आणि रूथला गर्भ राहिला. बाकी सारे माणसांच्या निष्ठेतून घडते.

वेशीवरचा निवाडा मात्र सविस्तर लिहावा: दहा वडील माणसे, नामीची जमीन घ्यायला तयार झालेला तो नातलग, रूथचे नाव निघताच त्याने घेतलेली माघार, हक्क सोडल्याची खूण म्हणून काढून दिलेले पायतण. त्यानंतरच्या विवाहाला मूळ पुस्तकात अर्धे वचनही लागत नाही. कादंबरीत त्याला एकच लहान प्रकरण द्यावे.