बटाट्याचे वाण घेताना आधी दिवस मोजा

हळवे (लवकर तयार होणारे) भात निघून खाचर मोकळे झाले की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापुरात बटाट्याच्या बेण्याची चौकशी सुरू होते. एकरी किती निघेल, हे सगळे विचारतात. किती दिवसांत निघेल, हे कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडचा बटाटा बहुतेक त्यातच जातो.

बटाटा पोसायला रात्र गार लागते, पारा 20 अंशांच्या आत. तशा रात्री आपल्याकडे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम 90. पुढे ऊन तापले की झाड वर हिरवेगार दिसते आणि खाली निघतात गोट्या. मग त्यावर कितीही खत घाला, बटाटा फुगत नाही. 15 नोव्हेंबरला लावलेले 80 दिवसांचे वाण 3 फेब्रुवारीला तयार होते. 110 दिवसांचे वाण 1 डिसेंबरला लावले तर 21 मार्च उजाडतो. तोवर थंडी कुठली?

म्हणून इथे मुख्य पिकासाठी कुफरी पुखराज किंवा कुफरी चंद्रमुखी (80 ते 90 दिवस) घ्यावे. चंद्रमुखी उशिरा येणाऱ्या करप्याला (पानांवर काळे डाग पाडणारा रोग) लवकर बळी पडते, तेवढी नजर ठेवावी. कुफरी लवकरच्या नावातच सगळे आले. ते महाराष्ट्राच्या पठारी भागासाठी आलेले वाण, उष्णताही बऱ्यापैकी सोसते. लागवड थोडी लांबली तर कुफरी सूर्या, ते गरम रात्रीतही पोसते. लाल सालीच्या कुफरी सिंदुरीचा मोह टाळा, तिला 110 ते 120 दिवस लागतात. दुकानदार नुसते ‘कुफरीचं बेणं आहे’ म्हणाला तर त्यातून काहीच कळत नाही. कुफरी हे सिमल्याजवळचे गाव, सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेच्या बहुतेक वाणांना हे नाव लागते. पुढचे नाव विचारा, ते पावतीवर लिहून घ्या.

वाण बरोबर निवडूनही दिवस वाया जातात ते बिनकोंबाच्या बेण्याने. शीतगृहातून आलेली पोती त्याच दिवशी फोडून लावली तर उगवण रेंगाळते, आणि गेलेला आठवडा आपल्या 90 दिवसांतूनच वजा होतो. बेणे 8-10 दिवस सावलीत, उजेड येईल असे पातळ पसरा. कोंब आखूड, जाड, हिरवट हवा. अंधारातला लांब पांढरा कोंब लावताना हातातच मोडतो.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातला खाण्याचा बटाटा स्वस्त पडतो म्हणून बेणे करू नका. शीतगृहातल्या अशा मालावर कोंब दाबणारे औषध मारलेले असू शकते. विषाणू रोग येतात ते वेगळेच.

बाकी कामे:
- बेणे गुंठ्याला 25-30 किलो; 30-40 ग्रॅमचे अख्खे असल्यास उत्तम, गरम जमिनीत कापलेली फोड कुजते
- बेणेप्रक्रिया: मॅन्कोझेब (बुरशीनाशक) लिटरला 3 ग्रॅम, 10 मिनिटे बुडवून सावलीत सुकवणे
- अंतर 60 × 20 सेंमी, सरी-वरंब्यावर
- लावताना हेक्टरी नत्र 100, स्फुरद 60, पालाश 120 किलो. महिन्याने भर देताना (बुंध्याशी माती चढवताना) आणखी नत्र 50 किलो
- काढणीआधी 8-10 दिवस पाणी बंद

‘बटाटा फुगवणाऱ्या’ बाटल्यांवर पैसे घालू नका. थंडी सरली की त्या काही फुगवत नाहीत. त्याच पैशात अख्खे बेणे येते. डिसेंबरात ढगाळ हवा, पहाटे धुके असे दोन दिवस सलग दिसले तर करप्याचे डाग पडायची वाट न बघता मॅन्कोझेब 10 लिटरला 25 ग्रॅम फवारा.

आधी वांगी, टोमॅटो, मिरची असलेल्या खाचरात बटाटा नको, तिथे मर रोगाची भीती. हिरवे झाड अचानक माना टाकू लागले तर बुंध्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरा. त्यातून दुधासारखा धागा सुटला तर ती जिवाणूची मर. तिला औषध नाही. झाड मातीसकट बाहेर काढा.

लागवडीचा एक ठोकताळा आहे: रात्रीचा पारा रोज 20 अंशांच्या आत उतरू लागला की लावायला घ्या. गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) भाताचे खाचर डिसेंबरचा पहिला आठवडा उलटूनही मोकळे झाले नसेल, तर यंदा तिथे बटाटा सोडा आणि उरलेल्या ओलीवर वाल टाका.